हेडमास्तरची तपासणी

लिफ्टवाले काका हसत नाहीत, हे शेल्टरमधल्या सगळ्यांना माहीत होतं. माणूस कडू नव्हता. कुणाला टाकून बोलायचे नाहीत, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. पण त्यांची सगळी नोकरी इमारतींच्या लिफ्ट तपासण्यात गेली होती. अंधाऱ्या खड्ड्यात उतरायचं, दोर चाचपायचे, दार किती जोरात मिटतं ते स्वतःचा हात मध्ये घालून बघायचं आणि वर येऊन अहवाल लिहायचा. त्या अहवालात हसण्यासारखं काही लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, आणि पुढे तीच सवय अंगवळणी पडली.

हसायचं खातं बायकोकडे होतं. लेक लग्न होऊन परगावी गेली, घर खायला उठलं, तशी काकू गावाबाहेरच्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये जाऊ लागली. आधी नुसती भांडी विसळायची, पाणी भरायची. मग तिने शेल्टरचं एक पेज काढलं आणि कुत्र्यांचे फोटो टाकून खाली चार ओळी लिहू लागली. 'हा वकील. समोरच्याची बाजू ऐकून घेण्याची पद्धत नाही. फी दोन बिस्किटं, आगाऊ.' लोक वाचायचे, पोट धरून हसायचे, एकमेकांना पाठवायचे. त्यातलाच एखादा रविवारी सहकुटुंब गेटवर येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "तो वकील कुठेय?"

प्रत्येक पोस्ट टाकण्याआधी ती काकांना वाचून दाखवायची. काका शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकायचे आणि विचारायचे, "मग पुढे काय झालं?" त्यावर तिला असं काही हसू फुटायचं की चष्मा काढून डोळे पुसावे लागायचे. पोस्टमधल्या विनोदाला ती स्वतः एवढी कधी हसली नसेल.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात कप विसळत होती. काका बाहेर पेपर वाचत होते. नळ बराच वेळ चालू आहे, पाणी वाया जातंय, हे सांगायला म्हणून ते आत गेले. ती ओट्याखाली पडली होती. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर तिचा फोन फळीवर पडून राहिला. काका तो रोज चार्ज करायचे. उघडायचे मात्र नाहीत. कशाला चार्ज करतो, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही.

महिनाभराने शेल्टरच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. तिशीतल्या, कायम घाईत असलेल्या, हातांवर ओरखडे. जिने चढून दम लागला होता. लिफ्ट तपासणाऱ्या माणसाच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, हेही काकूच्या आवडत्या विनोदांपैकी एक होतं.

"काका, मागायला जीभ रेटत नाही," त्या म्हणाल्या, "पण काकूंचा फोन लागेल. पेज बंद पडलंय. एकेका पिंजऱ्यात दोन-दोन कुत्री आहेत. काल एक माणूस पोतं घेऊन आला होता, आत चार पिल्लं. मी गेटवरूनच परत पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा."

काकांनी फोन आणून दिला. उघडायचा आकडा त्यांना ठाऊक होता, लेकीची जन्मतारीख. आत संदेशांचा खच पडला होता. 'पेजवाल्यांना झोप लागली का?' 'सुट्टी पुरे, कामाला लागा.' 'आमचा हेडमास्तर कुत्रा रजेवर आहे वाटतं.' काकूने आपलं नाव किंवा फोटो पेजवर कधी टाकला नव्हता. कोण लिहितं, ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे ती गेली हेही कुणाला कळायचं कारण नव्हतं.

"मी सांगून टाकू का सगळ्यांना?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

"नको."

"मग काय लिहायचं?"

"मी बघतो," काका म्हणाले. का म्हणाले, ते त्यांनाही कळलं नाही. एवढंच जाणवलं, की 'ती गेली' हे वाक्य पेजवर आलेलं त्यांना बघवणार नाही.

त्यांनी बघितलं. काकूच्या जुन्या पोस्टी अभ्यासाला घेतल्यासारख्या वाचून काढल्या आणि एका काळ्या कुत्र्याच्या फोटोखाली लिहिलं, 'हा खूप खातो. जणू पाहुणाच.' बराच वेळ काही झालं नाही. मग एकाने जांभई देणारं तोंड टाकलं. दुसऱ्याने लिहिलं, 'आजचा विनोद उपाशी आहे.' तिसऱ्याने लिहिलं, 'पेज विकलं वाटतं.' हे तिसरं काकांच्या जिव्हारी लागलं. तरी त्यांनी आणखी दोन-तीनदा प्रयत्न करून पाहिला. दर वेळी तेच.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, पेजवर तुम्ही लिहिताय?"

"कसं ओळखलंस?"

"ओळखू येतं हो." ती म्हणाली. "आई म्हणायची, बाबांपर्यंत विनोद पोस्टाने पोचतो."

"कधी म्हणाली?"

"नेहमीच म्हणायची. तुमच्यासमोर म्हणायची."

पलीकडे लेकीने नाक ओढल्याचा आवाज आला.

"तुम्ही विनोद करू नका बाबा. आईसारखं तर अजिबात लिहू नका, मला वाचवत नाही. तुम्हाला येतं ते लिहा."

"मला अहवाल येतो."

"मग अहवाल लिहा."

दुसऱ्या दिवशी काका मोजायची टेप आणि पेन्सिल घेऊन शेल्टरमध्ये गेले. फिनाइलचा वास, ओल्या फरशीवर भुंकण्याचे पडसाद. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक तपकिरी कुत्री होती. एक कान मोडका, रंग मातकट. बघायला आलेले लोक तिच्यावरून नजर पुढे सरकवायचे. काका स्टूल घेऊन तिच्यासमोर बसले ते दुपारपर्यंत. उभं राहून बघितलं, चालवून बघितलं, हात पुढे करून बघितला. मग लिहिलं:

'तपासणी अहवाल. कुत्री, तपकिरी, वय अंदाजे चार. सुरू होताना आवाज करते. वेग: गरजेपेक्षा जास्त. थांबण्याची यंत्रणा: सदोष. तोंड: पूर्ण मिटत नाही, जीभ बाहेर राहते. मांडीवर बसण्यास योग्य आकार: नाही. तरीही बसते. शेपटी: सतत चालू. बंद करण्याची सोय आढळली नाही. शेरा: वापरास योग्य.'

टाकलं आणि घरी जाऊन जेवले. पेल्यात पाणी ओतून फोन उघडला तर हसऱ्या तोंडांची रांगच्या रांग. शेकडो. डोळ्यांतून पाणी काढून हसणारी तोंडं. 'आई गं, मेलो,' असं कुणी लिहिलं होतं. काकांना कुणीतरी चारचौघांत तोंडात मारल्यासारखं झालं. सकाळभर गुडघे दुखेपर्यंत बसून जे बघितलं, ते खरं खरं लिहिलं होतं. त्यात हसण्यासारखं काय होतं?

ते तसेच उठून शेल्टरवर गेले. डॉक्टरीणबाई एका कुत्र्याला टाके घालत होत्या.

"काढून टाका ते," काका म्हणाले. "मी थट्टा केली नव्हती. माझी करताहेत."

"काका, लोक तुम्हाला हसत नाहीयेत."

"मग कुणाला?"

डॉक्टरीणबाईंनी हातातली सुई ठेवली. "ते मला सांगता यायचं नाही. पण एवढ्यातच चार फोन आलेत, सगळे त्या कुत्रीसाठी. मोडक्या कानाचं कुणी विचारलंसुद्धा नाही."

शाळेच्या बसवरचा एक ड्रायव्हर आणि त्याची बायको त्याच आठवड्यात तिला घेऊन गेले. निघताना ड्रायव्हरने विचारलं, "शेपटी बंद करण्याची सोय खरंच नाही ना?"

"तपासलंय मी," काका म्हणाले. ड्रायव्हर हसून हसून वाकला. काका त्याच्याकडे बघत उभे राहिले. त्याच्या डोळ्यांत कुचेष्टा नव्हती, एवढं मात्र त्यांना दिसलं.

मग काका लिहीत राहिले. लोक का हसतात, ते त्यांना शेवटपर्यंत नीट उमगलं नाही, पण आता त्याचा त्रास होत नव्हता. एकदाच डॉक्टरीणबाईंशी खटका उडाला. काकूचा वकील एका घरी जाऊन पंधरवड्यात परत आला होता. भुंकणं सोसेना, म्हणाले ते लोक. परत आला तो बिथरलेलाच, आणि काकांच्या बोटाला त्याने दात लावला. काकांनी अहवालात तेही घातलं.

"चावतो म्हटल्यावर कोण नेईल त्याला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काकूंनी हे हसण्यावारी नेलं असतं."

"तिने नेलंच होतं. म्हणून तो परत आला," काका म्हणाले. बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं, पण शब्द मागे घेतला नाही. अहवालात राहिलं: 'एकदा चावला. कुणाला: तपासनिसाला. कारण: झोपेत असताना तपासणी. चूक: तपासनिसाची.' वकिलाला न्यायला माणूस उशिरा आला, पण काकांचं बोट बघून, सगळं विचारून मगच घेऊन गेला. वकील पुन्हा परत आला नाही.

राहता राहिला हेडमास्तर.

हेडमास्तर म्हणजे मोठ्या चणीचा, करड्या तोंडाचा म्हातारा कुत्रा. रोज सकाळी अंगणात संथ फेरी मारायचा, दंगा करणाऱ्या पिल्लांसमोर नुसता उभा राहायचा आणि पिल्लं गप्प व्हायची. काकूच्या सगळ्यांत गाजलेल्या पोस्टी त्याच्यावरच्या. 'आज हेडमास्तरांनी दोघांना वर्गाबाहेर उभं केलं. तिसऱ्याच्या पालकांना बोलावलंय.' परक्या गावातले लोकही त्याची खुशाली विचारायचे. सगळ्यांना तो आवडायचा. न्यायला मात्र कुणी आलं नव्हतं. काकूच्या मनात त्याला घरी आणायचं होतं, पण त्याचे मागचे पाय अधू आणि घर तिसऱ्या मजल्यावर. दोघांनी मिळून विचार केला होता आणि दोघांनी मिळूनच सोडून दिला होता.

काका त्याला टाळत होते. गेल्या गेल्या तो उठायचा, त्यांचा हात हुंगायचा आणि त्यांच्या पाठीमागे बघायचा. ते बघणं काकांना झेपत नव्हतं.

"त्याची मूत्रपिंडं चाललीत," एके दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोड्या महिन्यांचा सोबती आहे. इथे या फरशीवर त्याला जाऊ द्यायचं माझ्या जिवावर येतंय. त्याचा अहवाल लिहा, काका."

काका स्टूल घेऊन बसले. हेडमास्तर उठला, हात हुंगला, मागे बघितलं, परत बसला. थोड्या वेळाने गेटबाहेर बस थांबल्याचा आवाज झाला, दार उघडताना हवा सुटते तसा. हेडमास्तर पुन्हा उठला. मागचे पाय थरथरत होते, उठायला त्याला फार वेळ लागला. गेटपर्यंत गेला, जाळीला नाक लावून उभा राहिला. बसमधून एक बाई उतरली, दुसरीकडे निघून गेली. बस सुटली. तो सावकाश परत आला आणि आधी पुढचे, मग मागचे पाय दुमडत खाली बसला. पुढची बस आली. तो पुन्हा उठला.

काकू बसने यायची.

काकांनी कागद गुडघ्यावर घेतला. 'नजर: अधू. मागचे पाय: कमकुवत, जिने चढू शकत नाही, तळमजला आवश्यक. मूत्रपिंड: निकामी होत आहेत, दुरुस्ती शक्य नाही, डॉक्टरांच्या मते काही महिने. स्वभाव: शांत. दोष: गेटसमोर बस थांबली की उठतो. उठताना त्रास होतो, तरी उठतो.'

इथे पेन्सिल अडली. नोकरीत त्यांचा एक नियम होता. दोष लिहिला की त्याच्यापुढे कारण लिहायचं. कारणाची जागा कोरी सोडणाऱ्या हाताखालच्या पोरांना त्यांनी कित्येकदा फैलावर घेतलं होतं. दरम्यान आणखी एक बस आली आणि गेली. मग त्यांनी लिहिलं:

'कारण: माझी पत्नी या बसने येत असे. या पेजवरचं गमतीचं सगळं तिने लिहिलेलं आहे. ती वारली. कुत्र्याला हे कळवण्याची सोय नाही. शेरा: चांगला आहे.'

त्या दिवशी एकही हसरं तोंड आलं नाही. बराच वेळ काहीच आलं नाही. मग एकेक येऊ लागलं, आणि लांबलचक. एकीने लिहिलं होतं, की वडील दवाखान्यात असताना बाहेरच्या बाकावर ती या पोस्टी वाचायची. एकाने लिहिलं, की त्याच्या घरात कुत्रा नाही, कधी नसेल, पण मुलगा शाळेतून आला की हेडमास्तरचं विचारायचा. पेज विकलं म्हणणाऱ्याने 'चुकलं माझं' एवढंच लिहिलं. काकांनी सगळं वाचलं. बरं वाटलं असं नाही. पण इतकी माणसं तिला ओळखत होती, हे मात्र त्यांना नवीन होतं.

त्या आठवड्यात एक शिंपी आला. पन्नाशीचा, गळ्यात टेप विसरून तसाच आलेला.

"हेडमास्तर अजून आहे?" त्याने विचारलं. "आम्हाला वाटायचं, एवढा गमतीचा कुत्रा, कधीच कुणीतरी नेला असेल. मी दुकानात गिऱ्हाइकांना त्याच्या पोस्टी वाचून दाखवायचो. आपण न्यावा, असं डोक्यातही आलं नाही. हसायचो आणि पुढे पाठवायचो."

"घर कितव्या मजल्यावर?" काकांनी विचारलं.

"तळालाच. पुढे दुकान, मागे आम्ही. आई आणि मी. एक उंबरा आहे तेवढा."

"किती उंच?"

शिंप्याने बोटांनी दाखवलं. काकांनी त्याच्याच गळ्यातली टेप मागून घेतली आणि बोटांमधलं अंतर मोजलं.

"चालेल. दिवस थोडे आहेत त्याचे. वाचलंत ना?"

"वाचलं. सगळं लिहिलंय तुम्ही. म्हणून तर आलो."

काका जरा घुटमळले. "दुकानासमोर बस थांबते?"

"गल्ली अरुंद आहे हो. बस शिरतच नाही."

"मग ठीक आहे," काका म्हणाले.

शिंप्याने ओळखीच्याची टेम्पो-व्हॅन आणली होती. हेडमास्तरला घेऊन सगळे गेटबाहेर आले आणि नेमकी बस आली. हेडमास्तर थांबला. शिंप्याने पट्टा हलकेच ओढला.

"थांबा," काका म्हणाले. "बस जाऊ द्या."

दार उघडलं, माणसं उतरली, दार मिटलं. बस वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मग हेडमास्तरने स्वतःहून मान खाली घातली. दोघांनी त्याला उचलून आत ठेवला.

काही आठवड्यांनी काका त्याला बघायला गेले. अरुंद गल्ली, दुकानात मशीनची खडखड, एक गिऱ्हाईक बाही लहान करून घ्यायला उभं. मशीनच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगाऱ्यावर हेडमास्तर पसरला होता. बाजूच्या खुर्चीत शिंप्याची म्हातारी आई शर्टाला बटणं लावत होती. हेडमास्तर उठला, काकांचा हात हुंगला, त्यांच्यामागे गल्लीत एकवार बघितलं आणि जाऊन म्हातारीच्या पायावर हनुवटी ठेवली.

"हा कोण?" म्हातारीने विचारलं. ऐकू कमी येत असल्याने ती मोठ्याने बोलायची.

"कुत्रा दिला ना आई, ते," शिंपी मशीनवरून ओरडला.

"आणि बायको नाही आणली?"

शिंप्याचा चेहरा पडला. तो काही बोलणार, तेवढ्यात काकाच म्हणाले, "ती गेली."

"काय?"

"गेली."

"कुठे गेली?"

काकांनी आजवर हे कुणाला तोंडाने सांगितलं नव्हतं. लेकीला शेजाऱ्यांनी कळवलं होतं, डॉक्टरीणबाईंना लेकीने. पेजवर लिहिलं ते पेन्सिलीने. त्यांनी एकदा घसा साफ केला आणि आवाज चढवून म्हणाले, "वारली. माझी बायको वारली."

मशीन थांबलं. गिऱ्हाइकाने वळून बघितलं. समोरच्या दुकानातला माणूसही बघू लागला.

"हं," म्हातारी म्हणाली. "आता ऐकू आलं." तिने सुई शर्टात टोचून ठेवली आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं. "बस बाळा. कशी होती?"

काका बसले. "हसवायची," ते म्हणाले.

"मोठ्याने बोल."

"हसवायची सगळ्यांना."

"काय बोलून?"

आता आली का पंचाईत. काकांनी आयुष्यात कधी विनोद सांगितला नव्हता. पण म्हातारी कानामागे हात धरून वाट बघत होती. मग त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, अहवाल वाचावा तसं वकिलाचं सांगितलं, बाजू न ऐकणं, दोन बिस्किटं आगाऊ, सगळं. म्हातारी हसली. तिला एकही दात नव्हता. शिंपी हसला, गिऱ्हाईकही हसलं. काकांना काकूची आठवण अशी लख्ख आली, की पुढचं वाक्य त्यांच्याच्याने पुरं होईना. त्यांनी समोर पडलेली एक चिंधी उचलून डोळ्यांना लावली. शिंप्याने चहा सांगितला.

हेडमास्तर थंडी सुरू होईपर्यंत जगला. शेवटचे दोन दिवस म्हातारीने त्याला चमच्याने पाणी पाजलं. तो गेला तेव्हा शिंप्याने काकांना फोन केला आणि काका गेले, डॉक्टरीणबाईही आल्या. परत येताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पेजवर काय लिहायचं. काका म्हणाले, जसं झालं तसं लिहू.